पाच मिनिटं नुसतं ऐकायचं

मैत्रिणींनो, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांनी वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं आलं, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. घरचं आवरून रविवारीही शाळेत जाऊन बसायचं!

पण परवा इथे नाशकातच समुपदेशनाच्या कार्यशाळेत बाईंनी आमच्या जोड्या लावल्या. एकीने बोलायचं, दुसरीने पाच मिनिटं नुसतं ऐकायचं. सल्ला द्यायचा नाही. मला दोन मिनिटंही धीर धरवेना.

आणि एकदम गेल्या वर्षीची एक विद्यार्थिनी आठवली. "बाई, शाळेत यावंसंच वाटत नाही," म्हणाली होती. "अभ्यास कर, सगळं ठीक होईल," असं सांगून मी तिला वाटेला लावलं. दिवाळीनंतर ती आलीच नाही.

त्या संध्याकाळी लेक काहीतरी सांगू लागली. मी गॅस बंद केला नि तिच्याजवळ बसले. भाजी काय, मागाहूनही होते!