वीस वर्षांचं पदक

मित्रांनो, खोटं कधी ना कधी उघडं पडतंच. माझं खोटं २६ जानेवारी १९९६ ला झेंडावंदनानंतर साऱ्या शाळेसमोर उघडं पडलं. तेही माझ्या वडिलांच्या तोंडून!

तेव्हा मी अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी सातवीत होतो. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. १९७२ च्या दुष्काळात आजी-आजोबा खडी फोडायला जात. घरात दरमहा मनिऑर्डर यावी म्हणून १९७३ साली अण्णा फौजेत भरती झाले. १९९४ साली हवालदार म्हणून निवृत्त होऊन आले, तेव्हा त्यांच्या काळ्या ट्रंकेत तीन पदकं होती. गोल, चांदीसारखी, रंगीत फितींची. कडेवर बारीक अक्षरांत अण्णांचा नंबर आणि नाव कोरलेलं.

मी वर्गात ठोकून दिलं, "आमच्या अण्णांनी लढाईत दहा दुश्मन मारले, म्हणून सरकारनं पदकं दिली!" मग काय, मधल्या सुट्टीत माझा भाव एकदम वाढला. पण गोष्ट गुरुजींच्या कानावर गेली आणि त्यांनी अण्णांनाच पाहुणे म्हणून बोलावलं. आदल्या रात्री मला झोप लागली नाही.

गुरुजींनी दहा दुश्मनांचा उल्लेख केला. अण्णांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि ते उठले.

"पोरांनो, मी एकही लढाई लढलो नाही. १९७१ चं युद्ध संपल्यावर मी भरती झालो. रणांगणावरच्या पराक्रमाला परमवीर चक्र, महावीर चक्र, वीर चक्र देतात. ही पदकं तसली नव्हेत. हे ९ वर्षं नोकरी झाली त्याचं. हे २० वर्षांचं. ३० वर्षांचंही असतं, पण तितकी माझी नोकरी झाली नाही. आणि हे सैन्य सेवा पदक, अवघड मुलखात राहिलो त्याचं."

"मग तुम्ही काय करायचात?" एकानं विचारलं.

"ट्रक चालवायचो."

पोरं फिदीफिदी हसली. मी मान खाली घातली. अण्णाही हसले आणि पुढं सांगू लागले.

"श्रीनगरहून लेहला जाताना जोजिला खिंड लागते. साडेअकरा हजार फूट उंच. हिवाळ्यात ती बर्फानं महिनोन् महिने बंद होते. म्हणून तिकडच्या जवानांचं पीठ, डाळ, रॉकेल उन्हाळ्यातच वर न्यावं लागतं. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. एक गाडी अडली की मागच्या साऱ्या अडतात. आघाडीवरच्या जवानाच्या पोटात भाकर पाहिजे ना? ती आम्ही पोचवायचो. एक दिवस पोचवणं सोपं असतं. वीस वर्षं पोचवत राहणं अवघड."

आता कुणी हसत नव्हतं.

घरी जाताना अण्णा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मी केलं ते तुला कमी वाटलं का रे?"

मला रडूच कोसळलं. घरी आईनं सारं ऐकलं, वीस वर्षांचं पदक पदरानं पुसलं आणि म्हणाली, "यातली अर्धीअधिक वर्षं माझीबी हायेत."

त्या रात्री मी हिशेब केला. मी दहा वर्षांचा होईपर्यंत अण्णा वर्षाकाठी दोनेक महिने सुट्टीवर यायचे. म्हणजे दहा वर्षांत जेमतेम वीस महिने! बाकीचे शंभर महिने आईनं एकटीनं शेत सांभाळलं, आजीचं दुखणंखुपणं पाहिलं आणि मला वाढवलं. तिला कुणी पदक दिलं नाही.

पुढं १९९९ साली कारगिलचं युद्ध झालं, ते श्रीनगर-लेहच्या त्याच रस्त्याच्या डोक्यावरच्या शिखरांवर. अण्णा तेव्हा मोसंबीच्या बागेला पाणी देत रेडिओ ऐकत असायचे. द्रास, कारगिल अशी नावं आली की म्हणायचे, "इथून मी कितीदा गेलोय!" आणि मग बराच वेळ गप्प राहायचे.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादे निवृत्त फौजी असतील. त्यांच्या छातीवर पदक दिसलं तर "किती दुश्मन मारले?" असं विचारू नका. "किती वर्षं होतात, आणि कुठं कुठं?" असं विचारा. आणि हो, त्यांच्या घरच्यांनाही विचारा.