सराफ्यापासून चालत

२७ डिसेंबर, ठाणे

नवऱ्याच्या मामांच्या सहस्रचंद्रदर्शनाची पत्रिका आली. ११ जानेवारी, रविवार, इंदूर. पत्रिका वाचून आईंचे डोळे भरले आणि पाचच मिनिटांत वाद सुरू झाला. लोकमान्यनगरच्या घरात नागपूर, ग्वाल्हेर आणि देवासची मंडळी आधीच ठरलेली आहेत, म्हणून आम्ही हॉटेलात उतरायचं म्हणतोय.

"भावाकडे कार्य, आणि सख्खी बहीण हॉटेलात? लोक काय म्हणतील?"

शेवटी मामांनाच फोन लावला. ते म्हणाले, "अगं, खुशाल उतर हॉटेलात. पण सराफ्याजवळचं बघ. म्हणजे तुला भेटायचं सांगून मला रात्री बाहेर पडता येईल." ऐंशी उलटलेल्या माणसाला सुना रात्रीचं तळलेलं खाऊ देत नाहीत. आई एकदम हॉटेलच्या बाजूच्या झाल्या.

२८ डिसेंबर

दिवसभर नकाशा. ओळखीतले सगळे एकच सांगतात: विजयनगरला उतरा, तिकडे नवी, चकचकीत हॉटेलं आहेत, पोहण्याचा तलाव आहे, सकाळचा नाश्ता भाड्यातच. सगळं खरं असेल. पण विजयनगरपासून राजवाडा सहाएक किलोमीटर, आणि इंदुरातलं खाणं काही राजवाड्याहून उठून विजयनगरला येत नाही. शिवाय इंदुरात जाऊन हॉटेलातले टोस्ट खायचे?

मला वाटतं, परगावी खोली शोधताना लोक नाश्त्याचा विचार आधी करतात, आणि निदान या शहरात तो हिशेब उलटा हवा. पोहे इथे कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. कुठेही झोपा, सकाळी उठून दोनशे पावलांत कढई सापडेल. राजवाड्याजवळचा सराफा, म्हणजे सोन्याच्या पेढ्यांसमोर भरणारा खाण्याचा बाजार, मात्र एकाच ठिकाणी भरतो, तोही रात्री, आणि आपण तिथून निघतो ते बारा वाजता, पोट तुडुंब भरलेलं असताना. तेव्हा खोलीचं अंतर मोजायचं ते रात्रीच्या शेवटच्या घासापासून.

म्हणून अगदी सराफ्यातच राहायचं का? नाही. तिथल्या गल्ल्यांत गाडी दारापर्यंत येत नाही, दिवसा बाजाराची गर्दी, रात्री दोनपर्यंत कढया. आईंना रोज तेवढी वाट तुडवायला लावणं बरं नाही.

रात्री उशिरा एक गोष्ट नकाशात दिसली आणि मग बाकीचं सोपं झालं. रेल्वेच्या रुळांनी शहराचे दोन भाग पाडलेत. पश्चिमेला सियागंज, राजवाडा, सराफा, म्हणजे जुनं गाव. पूर्वेला सरवटे बसस्थानक, छोटी ग्वालटोली, रीगल चौक, आणि पुढे पलासियाकडे खाण्याच्या दुकानांचा रस्ता, छप्पन दुकान. 'स्टेशनजवळ' असं प्रत्येक लॉज लिहितो, पण रुळांच्या कुठल्या अंगाला, हे लिहीत नाही. सियागंज हा किराण्याचा घाऊक बाजार. दिवसा हातगाड्या आणि टेम्पो. छोट्या ग्वालटोलीत लॉजांची दाटी, भाडं कमी, पण बसस्थानकाचा कलकलाट. रवींद्रनाथ टागोर मार्ग आणि रीगलच्या मधल्या गल्ल्या त्या मानानं शांत, आणि तिथून शास्त्री पूल ओलांडला की महात्मा गांधी मार्गानं सरळ राजवाडा. दोनेक किलोमीटर. उलट्या दिशेला छप्पन दुकानही जवळपास तितकंच. ठरलं.

२ जानेवारी

निवडलेल्या हॉटेलला फोन केला. नवरा म्हणतो, फोटो बघून पैसे भरायचे, फोन कोण करतं आता? मी करते. फोटोत सगळ्या चादरी पांढऱ्याच असतात.

विचारलं ते एवढंच: रात्री दरवाजा किती वाजता बंद करता? लिफ्ट आहे का, आणि ती रात्री चालू असते का? खोली रस्त्याच्या अंगाची की मागची? आणि आमची गाडी, अवंतिका एक्स्प्रेस, सकाळी नऊच्या सुमाराला पोचते, तेव्हा खोली देणार की बारापर्यंत सामानासकट बसवून ठेवणार? जुन्या लॉजांत चोवीस तासांचा हिशेब असतो. ज्या वेळी याल त्याच वेळी दुसऱ्या दिवशीचं भाडं सुरू. रात्रीच्या गाडीनं येणाऱ्याला तो परवडतो. या हॉटेलात बाराची पद्धत होती, पण वयस्कर बाई सोबत आहेत म्हटल्यावर त्यांनी खोली लवकर द्यायचं कबूल केलं. नाश्ता नको म्हटलं, तर भाड्यातून थोडे पैसेही कमी केले.

दरवाज्याबद्दल पलीकडचा मुलगा हसला. "मॅडम, सराफा जाओगे ना? आराम से आना. यहाँ सब रात को ही आते हैं."

९ जानेवारी, इंदूर

गाडी जेमतेम उशिरा. खोली मागच्या अंगाची, लहान, स्वच्छ. खिडकीतून कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या गोधड्या दिसतात. नवऱ्यानं गीझर तपासला, मी उशा.

अंघोळी आटोपून गल्लीच्या तोंडाशी गेलो आणि कढई सापडली, अर्थातच. इथले पोहे आपल्यासारखे कढईत परतून झाकून ठेवत नाहीत. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर पोह्यांचं भांडं बसवलेलं असतं आणि पोहे दुपारपर्यंत वाफेवर मऊ राहतात. तेल कमी, बडीशेप, किंचित साखर. वरून कांदा, शेव, लिंबू, आणि जीरावण. जीरावण म्हणजे जिरं, धणे, काळं मीठ, आमचूर, सुंठ, हिंग असला मसाला, पोह्यांत न शिजवता वरून भुरभुरायचा. सोबत गरम जिलबी. शेजारच्या माणसानं जिलबीचा तुकडा मोडून सरळ पोह्यांतच घातला. कोकणातल्या माहेरचा ओल्या खोबऱ्याचा अभिमान मी खिशात ठेवला.

आई माळव्याच्या हिंदीत सुरू झाल्या. "भिया, सेव थोड़ी और डालो." ठाण्यात पस्तीस वर्षं काढलेल्या बाईचा हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

त्याच दिवशी, रात्री एक

लिहून ठेवलं नाही तर उद्या पदार्थांची सरमिसळ होईल.

साडेआठला ई-रिक्षानं राजवाड्यापाशी उतरलो. सात मजली दरवाजा, खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. मागचा बराच भाग १९८४च्या दंगलीत जळाला आणि नंतर पुन्हा उभा केला. आई म्हणाल्या, "आमच्या लहानपणी इथे कबुतरं जास्त होती." बस, एवढंच. त्यांना पुढे जायचं होतं.

सराफा त्या वेळी धड सोन्याचाही नव्हता आणि धड खाण्याचाही. काही पेढ्यांत अजून बांगड्या तोलल्या जात होत्या आणि त्यांच्याच ओट्यासमोर एक जण शेगडी मांडून फुंकत होता. एकेक शटर खाली येतं आणि त्या जागी कढई चढते. सराफांनी हे का चालू दिलं, याचं इथे सांगतात ते कारण असं की रात्रभर उजेड आणि माणसं असली की चोर फिरकत नाही. खरं असो-नसो, दोघांनाही सोयीचं आहे.

खायचा क्रम आईंनी लावला. तिघांत एक प्लेट, आधी तिखट, मग गोड, आणि कुठेही बसायचं नाही. बसलं की पोट भरतं म्हणे.

पहिला गराडू, कारण तो फक्त थंडीत. कोनफळाच्या जातीचा कंद. तुकडे आधी तळून ठेवलेले, मागितल्यावर पुन्हा तळून कुरकुरीत करतात आणि लिंबू पिळून मसाल्यात घोळवतात. बाहेर काटक, आत लोण्यासारखा. मग भुट्ट्याचा कीस: कोवळं मक्याचं कणीस किसून, तुपात मोहरी-हिंगावर परतून, दुधात शिजवलेला, वर खोबरं-कोथिंबीर. जोशींच्या दहीवड्यापाशी गर्दी होती. दह्यानं भरलेला द्रोण हवेत उडवून झेलतात, थेंब सांडत नाही, आणि मग एकाच चिमटीतून वेगवेगळे मसाले एकामागून एक सोडतात. खेळ बघायला येणारे निम्मे असतील, पण वडाही हलका होता. साबुदाण्याची खिचडी इथे वाफेवरची, आणि तिच्यावर शेव-फरसाण. इथे मात्र मी हात मागे घेतला. उपासाच्या पदार्थावर बेसनाची शेव! आई म्हणाल्या, "तू उपास कधी करतेस?"

शेवटी जलेबा, पाव किलोच्या घरातली एकच जिलबी, आणि दुधाची शिकंजी. शिकंजी म्हटल्यावर लिंबूपाणी डोळ्यांसमोर येतं. इथली आटवलेल्या दुधाची, केशर-सुकामेव्याची, जवळजवळ चमच्यानं खायची. निम्मी उरली. अकरा वाजून गेले होते आणि माणसं अजून यायचीच होती, कडेवर पोरं घेऊन.

आईंना आणि नवऱ्याला रिक्षात बसवलं. मला चालायचं होतं, पण एकटी कशाला म्हणून नवराही उतरला. मग आईंनी रिक्षावाल्याला विचारलं, हळू चालवशील का? दहा मिनिटं ती रिक्षा आमच्या बाजूनं रांगत होती. कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, होळकरांच्या समाध्या त्या, दिव्यात पिवळ्या दिसत होत्या. मग गांधी हॉल. १९०४ साली बांधला तेव्हा किंग एडवर्ड हॉल. तिथे आई म्हणाल्या, आता पुरे, थंडी आहे, आणि रिक्षा पुढे गेली. शास्त्री पुलावर खालून गाडी चालली होती. हॉटेलपर्यंत अर्धा तास. विजयनगरला उतरलो असतो तर हा अर्धा तास मोटारीत झोपेत गेला असता, आणि पोटातला जलेबा तसाच राहिला असता.

१० जानेवारी

सकाळी कुणालाच भूक नाही. दुपारी उसळ-पोहे. इंदुरी पोह्यांवर मराठी उसळीची तर्री. होळकरांबरोबर इथे आलेल्या घरांचं खाणं ते, असं आई ठामपणे म्हणाल्या. मला पुरावा नको होता, आणखी तर्री हवी होती.

संध्याकाळी छप्पन दुकान. २०२० मध्ये हा रस्ता वाहनांना बंद करून नीट बसायची सोय केली. स्वच्छ, उजळ, लहान मुलांना मोकळं सोडता येईल असं. खोबरा पॅटिस मस्त: बटाट्याच्या आवरणात ओलं खोबरं. नवऱ्यानं हॉट डॉग खाल्ला. इथला हॉट डॉग गोल पावाचा असतो आणि अंड्याचा असला की त्याला बेंजो म्हणतात. सराफ्याशी तुलना करायची म्हटली तर, छप्पनला आपण पाहुणे वाटतो, सराफ्यात गर्दीतलेच एक. दोन्ही हवं. पण एकाच संध्याकाळपुरते इंदुरात असाल तर मी सराफा सांगेन.

कचरा कुठेच नाही. २०१७ पासून वर्षानुवर्षं स्वच्छतेत देशात पहिलं आलेलं शहर आहे हे, त्याचं कौतुक रिक्षावाला करतोच करतो. इथल्या ओल्या कचऱ्यापासून देवगुराडियाला गॅस करतात आणि त्यावर शहराच्या बस चालतात, हेही त्यानंच सांगितलं. खाण्याचं एवढं वेड असलेल्या गावाला द्रोण-पत्रावळींची सोय लावावीच लागणार.

११ जानेवारी

कार्य छान झालं. मामांना ओवाळताना ताटातले दिवे मोजायला सगळी पोरं जमली होती. जेवणात बासुंदी, दाल-बाफले आणि अळूची भाजी, तिन्ही एका पानावर. हे फक्त इंदूरच्या मराठी घरात शक्य.

रात्री दहाला मामा 'बहिणीला भेटायला' हॉटेलवर हजर. सोबत नातू, पाळतीवर ठेवलेला. खोलीत पाच मिनिटंही टेकले नाहीत.

"चल गं."

"अरे, दुपारी एवढं जेवलास."

"दुपारचं कार्याचं होतं."

सराफ्यात मामांनी एकच गराडू घेतला, एकच दहीवडा, आणि निम्मा बहिणीला दिला. मालकानं ओळखलं, नमस्कार केला, पैसे मात्र घेतले. नातवानं फोटो काढायला मोबाइल वर केला तर मामा म्हणाले, "काढ, पण तुझ्या आईला पाठवू नकोस."

१२ जानेवारी

परतीची अवंतिका संध्याकाळची. बाराला खोली सोडली, सामान हॉटेलच्या खालीच ठेवलं. स्टेशन जवळ असल्याचा खरा फायदा आज कळतो, मधले चार-पाच तास हातात काही नाही. शेव घेतली: लवंगेची, लसणाची, आणि एक अगदी बारीक. जीरावणाच्या पुड्या आईंनी माणसागणिक मोजून घेतल्या.

दुपारी नणंदेचा ठाण्याहून फोन. मार्चमध्ये रंगपंचमीला यायचं म्हणते, याच हॉटेलात खोली सांगून ठेवू का? खाली विचारलं. मुलगा म्हणाला, त्या दिवशी गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, राजवाड्याभोवती लाखांनी माणसं, टँकरांतून रंग, दुपारपर्यंत तिकडचे रस्ते बंद. खोल्या आतापासूनच जातात.

नणंदेला सांगितलं: रंग खेळायचा असेल तर या वेळी अंतराचा विचार करू नकोस, राजवाड्याच्या बाजूचीच खोली घे, शक्यतो वरच्या मजल्यावरची. आणि जुने कपडे आण, ते परत न्यायचे नसतात. खेळायचा नसेल तर रुळांच्या अलीकडे इथेच राहा. सराफा त्या रात्री कधी सुरू होतो, ते मामांना विचारून कळवते.