दिवस वर गेले तेव्हा

बाळंतपणाची तारीख उलटली की फोन वाजायचा थांबत नाही. माझी तारीख नवरात्रातल्या अष्टमीची होती. दसरा झाला, कोजागिरी आली, तरी कळांचा पत्ता नाही. इंदूरची मावशी, पुण्याची आत्या, सगळ्यांचा एकच प्रश्न, "झालं का गं?" इथे बडोद्यात शेजारच्या बेन लिफ्टमध्ये पोटाकडे बघून विचारायच्या, "हजी बाकी छे?" विचारायचे सगळे प्रेमानंच, पण दर वेळी "नाही अजून" म्हणताना आपल्याच शरीराला काहीतरी जमत नाहीये असं वाटायचं.

त्यात मी सॉफ्टवेअरमधली. तारीख म्हणजे डेडलाइन, ती हुकली की कारण द्यायचं, ही अंगात मुरलेली सवय. २६ आठवड्यांच्या रजेतला एकेक दिवस बाळाशिवायच संपत होता, ती चिंता वेगळीच.

मग ही तारीख येते कुठून ते नीट वाचलं. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस मोजायचे, एवढाच हिशोब. एकोणिसाव्या शतकातल्या नेगेले या जर्मन प्रसूतितज्ज्ञाच्या नावानं तो ओळखला जातो आणि त्यात पाळी २८ दिवसांची धरलेली असते. नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं शंभरात जेमतेम चार-पाच. आजेसासूबाईंना हे सांगितलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, "आम्हाला कुणी तारीख सांगितलीच नव्हती. दिवस भरलेत, एवढंच माहीत." मन जरा हलकं झालं.

पण नुसतं वाट बघत बसणंही बरं नाही. ४१ आठवड्यांनंतर वार थकू लागते, बाळाभोवतीचं पाणी कमी होऊ शकतं, बाळाला असलेला धोका थोडा थोडा वाढतो. म्हणून ४१ आठवडे पूर्ण झाले की कळा आणाव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. डॉक्टरांनी मला दाखल व्हायचा दिवस दिला.

ती कोजागिरीची रात्र. गच्चीवर सगळे मसाला दूध पीत होते आणि मी खोलीत बसून रडत होते. सासूबाई पेला घेऊन आल्या. त्यांनी काही समजावलं नाही, नुसत्या जवळ बसल्या. "आई, मला भीती वाटतेय," हे मी तेव्हा पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. "वाटणारच गं," एवढंच त्या म्हणाल्या. ते पुरलं.

भीती कशाची, ते मग कागदावर लिहून काढलं आणि दुसऱ्या दिवशी तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला. कळा आणल्या की सिझर ठरलेलंच, असं मी ऐकलं होतं. त्यांनी सांगितलं, नुसतं थांबण्याच्या तुलनेत सिझरचं प्रमाण वाढत नाही, उलट किंचित कमीच दिसतं. आधी गर्भपिशवीचं तोंड कितपत तयार आहे ते तपासतात, मग जेल किंवा छोटा फुगा, आणि पुढे लागलं तर ऑक्सिटोसिनचं सलाईन. याला एक-दोन दिवसही लागू शकतात, हे आधी कळलं ते फार बरं झालं, कारण पहिले बारा तास काहीच घडलं नाही तेव्हा मी घाबरले नाही. २७ तासांनी लेक झाली.

वाट बघण्याच्या त्या आठवड्यात मला तीन गोष्टींनी तारलं. नवऱ्यानं नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहून टाकलं, "बातमी आम्हीच कळवू," आणि माझे फोन स्वतः घेतले. सासूबाई रोज थोडी दुपटी-लंगोट घडी घालायला द्यायच्या, हाताला काम मिळायचं. आणि जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून बाळाची हालचाल मोजायची, हा माझा आणि तिचा वेळ. हालचाल कमी वाटली, पाणी गेलं किंवा रक्त दिसलं, तर मात्र दिलेल्या तारखेची वाट न बघता लगेच दवाखाना गाठायचा, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

तुमच्या घरात किंवा मैत्रिणींत कुणाचे दिवस वर गेले असतील, तर "झालं का?" विचारू नका. बातमी असली तर ती कळेलच. "जेवलीस का? येऊन बसू का जरा?" असं विचारा.