वाड्यातल्या आजींची ढेमसं

लग्न होऊन रत्नागिरीहून नागपूरला येईपर्यंत मी ढेमसं पाहिलीही नव्हती. आमच्याकडे भरायचं ते पडवळ. त्याच्या पोकळ तुकड्यांत भिजवून वाटलेली चणाडाळ, ओलं खोबरं, हिरवी मिरची आणि चिमूटभर गूळ.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरमालकीणबाईंना सगळा वाडा आजी म्हणायचा. ढेमसं कशी निवडायची इथपासून त्यांनी मला शिकवलं. अंगावर लव असलेली, नख लावलं की सहज रुतेल अशी कोवळीच घ्यायची. ‘‘जून झालं का निस्त्या बियाच वं पोरी!’’ साल सोलायचं नाही, सुरीनं नुसतं खरवडायचं. प्रत्येकाची कड चाखायची आणि कडू लागलं की टाकून द्यायचं. दुधी-दोडक्याच्या या कुळात कडूपणा विषारी असू शकतो आणि शिजवूनही जात नाही, हे मी पुढे वाचलं. आजींच्या हाताला ते आधीच ठाऊक होतं. मग देठाशी जोडलेलं ठेवून चार चिरा द्यायच्या, त्यांत भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस, दाण्याचं कूट, कांदा, लसूण आणि काळा मसाला भरायचा. आच मंद ठेवायची. झाकणावर पाणी ठेवायचं आणि ते तापलं की तेच रश्शाला घालायचं.

एका उन्हाळ्यात ह्यांच्या कारखान्याला टाळं लागलं. आजींनी भाड्याचं नाव काढलं नाही. आपला पाटा-वरवंटा माझ्या ओट्यापाशी आणवला आणि आसपासच्या खोल्यांत राहणाऱ्या पोरांना स्वतः जाऊन सांगितलं, ‘‘आमच्या सुनेकडं डबा मिळते.’’ सून! त्या एका शब्दावर मी उभी राहिले.

पहिल्या डब्यांत ढेमसंच होती. कोल्हापूरचा एक मुलगा म्हणाला, ‘‘काकू, आमच्यात दोडका असाच भरत्यात, पण कांदा-लसूण चटणी घालून.’’ त्याच्यासाठी तसाही केला. मग आजींनीच मला माझं ओलं खोबरं आणि गूळ ढेमशात भरायला लावलं. जेवताना म्हणाल्या, ‘‘इतके दिवस काहून केलं नाई?’’ परक्या घरात आलेल्या मुलीला तिच्या माहेरची चव परत देणारी अशी माणसं फार थोडी.

थकलेलं भाडं मी पुढे चुकतं केलं. त्यांनी ते लिहूनही ठेवलं नव्हतं, हिशेब माझ्याच वहीत होता. आता आजी नाहीत. उन्हाळाभर माझ्या डब्यांच्या यादीत दोन्ही ढेमसं असतात. ओल्या खोबऱ्याच्या ढेमशांपुढे किंमत लिहिते. सुक्या खोबऱ्याच्या ढेमशांपुढे ती लिहिताना हात अजून अडतो.