केसांची गोळी आणि डॉक्टरची चिठ्ठी

आपल्या शहरात केस गळायला लागले की पहिला आरोपी ठरलेला असतो : पाणी. जायकवाडीचं पाणी नळाला येणार कितीतरी दिवसांनी, मधले दिवस बोअर नाहीतर टँकर, आणि ते पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरा थर बसतो. मनपाला शिव्या घालायला अजून एक कारण मिळतं, ते मिळू द्या. पण जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात, मधेच तुटतात. कपाळाचे दोन कोपरे मागे सरकणं आणि टाळूवर चंद्र दिसायला लागणं, हे काम पाण्याचं नाही.

सिडकोत माझं मेडिकल आहे. "केस गळू राहिले, काहीतरी द्या" म्हणणारा रोज एक तरी येतो. वय वीस ते तीस. कोणी वाळूजला कंपनीत, कोणी औरंगपुऱ्याकडच्या अभ्यासिकेत, कोणी पोलीस भरतीच्या तयारीत. काउंटरवर बाई उभी असेल तर ही पोरं बाजूला थांबतात. गर्दी ओसरली की मोबाईल पुढे करतात. स्क्रीनवर गोळीचं नाव. चिठ्ठी नाही. डॉक्टर कोण, तर मित्र. मित्राचा डॉक्टर कोण, तर रील.

या पोरांसाठी लिहितोय. त्यांच्या घरच्यांनीही वाचावं.

आधी आपल्या शेजारचं एक उदाहरण. डिसेंबर २०२४ संपता संपता बुलडाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस मुठीने हातात यायला लागले. तीन-चार दिवसांत टक्कल. बाया, पोरं, म्हातारे, सगळेच. आपल्याकडून गजानन महाराजांच्या दर्शनाला जाणारी किती तरी माणसं त्या रस्त्याने जातात, त्यामुळे इथेही घबराट झाली. "शेगावला जाऊन आलो, मला काही होईल का" असं विचारणारे त्या महिन्यात दुकानात आले. तिथेही पहिला संशय पाण्यावरच. तो भाग खारपाणपट्ट्याचा, पाण्यात नायट्रेट जास्त सापडलंही. आयसीएमआरची पथकं आली, नमुने गेले. मग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, तेच विंचूदंशावरच्या कामाचे, त्यांनी स्वतः नमुने गोळा करून तपासले आणि बोट ठेवलं रेशनच्या गव्हावर. त्यांच्या तपासणीत त्या गव्हात सेलेनियम स्थानिक गव्हाच्या ६०० पट निघालं, आणि बाधित लोकांच्या रक्तात, लघवीत, केसांतही ते वाढलेलं होतं.

त्या गावांतल्या लोकांनी तेव्हा बाटल्या-गोळ्या घेतल्या असत्या तर काय झालं असतं? काही नाही. पैसे गेले असते. कारण पोटात जात होतं. कारण बंद झाल्यावर बऱ्याच जणांचे केस आपोआप परत यायला लागले.

म्हणून माझा पहिला प्रश्न असतो, कसे गेले? अचानक, मुठीने, आठ-पंधरा दिवसांत गेले असतील तर कारण वेगळं. डेंगी, टायफॉइड, मोठं ऑपरेशन किंवा उपाशीपोटी वजन उतरवणं, यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भसाभसा गळतात आणि बहुतेकांचे परत येतात. ताप विसरलेला असतो, म्हणून संबंध लक्षात येत नाही. नाण्याएवढा गोल, गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई. खाज, खपल्या, पू असेल तर ते इन्फेक्शन. जिममध्ये कोणी "मसल"साठी इंजेक्शन टोचत असेल तर ते आधी बंद, कारण घराण्यात टक्कल असेल तर ती इंजेक्शनं दहा वर्षांचं काम वर्षात करतात. आणि हळूहळू, वर्षानुवर्षं, ठरावीक नकाशाने केस विरळ होत असतील, वडिलांचं किंवा मामाचं डोकं तसंच असेल, तर ते आपलं नेहमीचं पुरुषी टक्कल. तो रोग म्हणायचा की ठेवण, यावर वाद घाला. औषधं मात्र मुख्यतः याच्यासाठी आहेत.

टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं दुसरं हार्मोन तयार होतं. ज्यांच्या केसांची मुळं त्याला हळवी असतात, त्यांचा प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक उगवतो. शेवटी लव राहते. कांद्याचा रस, उलटं लटकणं, बायोटिनच्या गोळ्या, यातलं काही या साखळीला हात लावत नाही. बायोटिन तर भरपूर घेतलं की थायरॉइडच्या आणि हार्ट अटॅकच्या रक्ततपासणीचे आकडे चुकू शकतात, हे लॅबमध्ये कोणी सांगतही नाही आणि विचारतही नाही.

आता खरी दोन औषधं. दोन्ही दुसऱ्याच कामासाठी आली होती.

मिनॉक्सिडिल मुळात बीपीची गोळी. घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, तेव्हा डोक्याला लावायचं द्रावण करून पाहिलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत ते टकलासाठी मंजूर झालं. ६० मिलीची बाटली, सकाळ-संध्याकाळ एकेक मिली, बरोबर महिनाभर. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस उलट जास्त गळतात. जुने केस नव्यांना जागा देतात म्हणून ते होतं, पण हे आधी सांगितलेलं नसलं की पोरगं बाटली घेऊन दुकानात भांडायला येतं. चार-सहा महिने लागतात. बंद केलं की जे मिळालं ते काही महिन्यांत जातं. म्हणजे ही बाटली कोर्स नाही, हप्ता आहे. परवडणार असेल तरच सुरू करायचा.

हल्ली तीच गोळी कमी डोसमध्ये पोटातून देतात. त्वचेचे डॉक्टर देतात, विचार करून देतात, तपासून देतात. पण केसांसाठी म्हणून ती गोळी मंजूर नाही आणि मुळात ती बीपी उतरवते. पायाला सूज, छातीत धडधड, चक्कर. भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या पोराने ही गोळी मित्राच्या सांगण्यावरून घ्यावी, यासारखा वेडेपणा नाही.

लावायचं औषध तरी निर्धोक का? लावून हात धुतले तर बऱ्यापैकी. स्पेनमध्ये २०१९ साली ॲसिडिटीच्या औषधात चुकून मिनॉक्सिडिल गेलं आणि तान्ह्या लेकरांच्या अंगभर केस उगवले. त्यानंतर तिथेच, वडील डोक्याला मिनॉक्सिडिल लावतात अशा घरांतल्या बाळांच्या अंगावरही केस वाढल्याची नोंद झाली. वडिलांनी बंद केल्यावर ते गेले. बाळाला छातीशी घेताना त्याचं तोंड आपल्या डोक्याला लागतं, उशीला लागतं. घरात मांजर असेल तर जास्तच जपा, तिला हे औषध थोडंही चाटलं तरी जीवघेणं ठरू शकतं.

दुसरं औषध फिनास्टेराइड. म्हाताऱ्या माणसांच्या प्रोस्टेटसाठी १९९२ मध्ये ५ मिलिग्रॅमची गोळी आली, १९९७ मध्ये टकलासाठी १ मिलिग्रॅमची. ही डीएचटी कमी करते. काम करते, हे नाकारण्यात अर्थ नाही. कंपनीच्या चाचण्यांत दोन वर्षांनी गोळी घेणाऱ्या १०० पैकी ८३ जणांच्या केसांची संख्या टिकली, नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत २८ जणांची.

आणि ज्याबद्दल कोणी मोठ्याने बोलत नाही ते. इच्छा कमी होणं, ताठरता न येणं, वीर्य कमी होणं. चाचण्यांत हे १०० पैकी ३.८ जणांना झालं, साखरेच्या गोळीवर २.१ जणांना. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही, आणि काहींना नुसत्या धास्तीनेही होतं. बहुतेकांचं गोळी थांबवल्यावर ठीक होतं. पण थांबवूनही त्रास राहिला अशा तक्रारी जगभर आहेत, त्यांना "मनाचे खेळ" म्हणून उडवून लावणं मला पटत नाही. मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. किती जणांना होतो, हे सांगता येत नाही असंही म्हटलं आणि औषध बाजारात ठेवलं. ब्रिटनने २०२४ मध्ये पाकिटासोबत इशाऱ्याचं कार्ड द्यायचं ठरवलं. आपल्याकडे स्ट्रिपमधून चार गोळ्या कात्रीने कापून देतात. इशारा कुठल्या तुकड्यावर छापायचा?

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी एक पोरगा दुकान बंद करायच्या वेळी आला. पैठणकडच्या गावचा, इथे नोकरीला. म्हणाला, "काका, लग्न जमलं. गोळी सोडली तर केस जातील. चालू ठेवली तर… तुम्ही समजून घ्या." आठ महिने तो प्रोस्टेटची ५ मिलिग्रॅमची गोळी ब्लेडने चार तुकडे करून घेत होता, स्वस्त पडते म्हणून. कुठून घ्यायचा ते मी विचारलं नाही. तीन महिन्यांपासून त्रास होता आणि घरात, मित्रात, कुठेच बोलला नव्हता. झोप नाही, मन लागत नाही, "जगून काय करायचं" असंही एकदा बोलून गेला. मी शटर अर्धं ओढलं आणि त्याला बसवलं. दुसऱ्या दिवशी त्वचेच्या डॉक्टरकडे पाठवलं, त्यांनी गोळी थांबवली, मनाच्या डॉक्टरकडेही धाडलं. दोनेक महिन्यांनी तो आला तेव्हा चेहरा वेगळा होता. होणाऱ्या बायकोला केसांचं सांगून टाकलं होतं. ती म्हणाली, "ते तर मला फोटोतच दिसलं होतं."

हे सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही. मराठवाड्यात पोराचं लग्न जमवणं किती अवघड झालंय हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. नोकरी कायम आहे का, पाणी आहे का, शहरात फ्लॅट आहे का. त्यात कपाळ मोठं दिसलं की बायोडाटा मागे पडतो. म्हणून एकोणतीस वर्षांचा पोरगा टोपी घालून फोटो काढतो आणि लपून गोळी घेतो. औषधापेक्षा मला त्या लपवण्याची भीती वाटते. त्रास झाला तरी कोणाला सांगणार, गोळी घेतो हेच कोणाला माहीत नसतं.

लपवण्याचे तोटे इतरांनाही. लग्नानंतर बायको गरोदर असेल तर फुटलेल्या, तुकडे केलेल्या फिनास्टेराइडला तिने हात लावायचा नाही. पोटातला गर्भ मुलाचा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या वाढीला धोका असतो. ब्लेडने गोळ्या कापायच्या तर हे कोण सांगणार? मूल होत नसेल तर डॉक्टरला ही गोळी आधी सांगायची, काहींचे शुक्राणू कमी होतात, थांबवल्यावर सुधारतात. शिवजयंतीला, गणपतीत आपल्याकडे गल्लोगल्ली रक्तदान शिबिरं होतात. फिनास्टेराइड थांबवून महिना आणि ड्युटास्टेराइड थांबवून सहा महिने झाल्याशिवाय रक्त द्यायचं नाही, कारण ते रक्त एखाद्या गरोदर बाईला चढू शकतं. मंडळाच्या किती कार्यकर्त्यांना हे माहीत आहे? आणि चाळिशी-पन्नाशीतल्या काकांनो, ही गोळी पीएसएचा आकडा साधारण निम्मा करते. रिपोर्ट नॉर्मल दिसतो आणि प्रोस्टेटचा कॅन्सर लपून राहू शकतो. तपासणीआधी डॉक्टरला सांगा, ते आकडा दुप्पट धरून वाचतात.

ड्युटास्टेराइड आत्ताच म्हटलं. ते जास्त जोरकस, शरीरातून जायला महिनोन्‌महिने लागतात. कोरिया आणि जपानमध्ये टकलासाठी मंजूर आहे, अमेरिकेत फक्त प्रोस्टेटसाठी. "स्ट्राँगवालं द्या" म्हणत ते मागायचं नसतं. दोन्ही औषधं एकत्र असलेल्या स्प्रेचंही तेच, लावायचं असलं म्हणून फिनास्टेराइड रक्तात जात नाही असं नाही.

कायदा काय म्हणतो? फिनास्टेराइड शेड्यूल एचमध्ये आहे, चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. मी देत नाही. त्यामुळे गिऱ्हाईक पुढच्या चौकात जातं, हेही मला दिसतं. मोबाईलवर पाच प्रश्नांची उत्तरं दिली की "डॉक्टरची चिठ्ठी" तयार होते आणि महिन्याचा डबा घरपोच येतो, त्या डॉक्टरने ना डोकं पाहिलं ना बीपी. त्याहून गंमत शेड्यूल जेची. ज्या आजारांवर हमखास इलाजाचा दावा कोणत्याही औषधाने करायचा नाही, त्यांची ती यादी. त्यात टक्कल आहे, नवे केस उगवणंही आहे. आता सिडको बसस्टँडपासून क्रांती चौकापर्यंत रिक्षांच्या पाठी वाचत जा. अन्न व औषध प्रशासनाचं कार्यालय याच शहरात आहे, त्यांची माणसंही याच रस्त्याने येत-जात असतील. मार्च २०२५ मध्ये पंजाबात संगरूरला टकलावरच्या शिबिरात तेल लावून घेतलेल्या साठहून जास्त लोकांचे डोळे सुजून दवाखाना भरला होता. तशी वेळ इथे येण्याआधी दोन-चार बोर्ड उतरवले तर बिघडणार नाही.

केशरोपणाबद्दल एवढंच : कोणी करायचं याचे निकष राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये घालून दिलेत. सलूनसारख्या खोलीत, डॉक्टर "येतीलच" अशा ठिकाणी डोकं देऊ नका.

घाटीत त्वचारोगाची ओपीडी आहे. सकाळी जा, केसपेपर काढा (हो, नावातच केस आहे). सध्या जे काही लावता, खाता, त्याची पाकिटं पिशवीत घालून न्या, पावडरचा डबा आणि जिमचं इंजेक्शनही. वडिलांचा, मामाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. बीपी, हृदयाचा त्रास, आधी कधी डिप्रेशन झालं असेल तर विचारायची वाट न बघता सांगा. बाहेरच्या चाळीस लोकांना ऐकू जाईल अशी लाज वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हातात द्या. आणि गोळी चालू असताना मन उदास राहायला लागलं, नको ते विचार यायला लागले, तर गोळी त्याच दिवशी थांबवा आणि डॉक्टर गाठा. रात्री-बेरात्री कोणी नसेल तर १४४१६ हा टेलीमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.