रिकामा देठ

सकाळचं ऊन पूर्वेच्या खिडकीतून आत येतं, ते आधी होयाच्या पानांवर थबकतं. मेणात बुडवून काढावीत अशी जाड, गुळगुळीत पानं. ऊन त्यांच्यात मुरत जातं. चहा निवेपर्यंत मी एक पान दोन बोटांत धरून हलकेच वाकवून बघते. ताठ राहिलं तर वेलीची तहान अजून जागी व्हायची आहे. मऊसर दुमडलं, तर पाणी. कुंडी लहानशी, मुळं दाटीवाटीनं बसलेली, मातीपेक्षा नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि कोळसाच जास्त. रानात झाडांच्या अंगाखांद्यावर वाढणारी ही वेल, चिखलात तिचा जीव गुदमरतो.

वरच्या मजल्यावरच्या काकूंनी ओल्या फडक्यात गुंडाळून दोन पेरांचा तुकडा दिला होता. "मोठ्या कुंडीची घाई नको," म्हणाल्या, "आणि फुलं गळली तरी देठ कापू नकोस हं."

तीन वर्षं नुसती पानं. मग एका चैत्रात बोटभर देठाच्या टोकाशी फिकट गुलाबी कळ्यांचा झुबका धरला, एकेक कळी पाच कडांच्या डबीसारखी गच्च मिटलेली. कुंडी जागची हलली तर कळ्या गळतील या धास्तीनं मी खिडकी पुसायचीसुद्धा थांबले, आणि एका संध्याकाळी त्या उघडल्या तेव्हा मखमली चांदण्यांच्या पोटात आणखी एकेक लालसर चांदणी होती आणि तिच्यावर मधाचा थेंब थरथरत होता. दिवसभर मुकी राहिलेली ती फुलं दिवे मालवल्यावर दरवळू लागली.

मी अंधारात बसून राहिले.

रॉबर्ट ब्राउननं 1810 साली या वेलींना होया हे नाव दिलं, ते टॉमस हॉय या माळ्यावरून. लंडनजवळच्या सायन हाउसची बाग तो सांभाळायचा. एवढा मोठा गोतावळा एका माळ्याचं नाव लावतो, हे मला फार आवडतं. पण माझं मन त्या बागेत रमत नाही. ते गावच्या मारुतीच्या देवळात जातं, शनिवारच्या रुईच्या माळेपाशी. होया रुईच्याच कुळातली. तसाच मेणाचा पंचकोन, पान तुटलं की तसाच पांढरा चीक, शेंग उकलली की वाऱ्यावर तशाच रेशमी म्हाताऱ्या. तिची एक बहीण तर आपल्या सह्याद्रीच्या सदाहरित रानातही झाडांवरून लोंबत असते. मी जिला पाहुणी समजत होते, ती नात्यातली निघाली.

फुलं गळली. बोडके देठ डोळ्यांना खुपू लागले आणि एका दुपारी मी कात्री घेतली. चार देठ. चारही जखमांतून दूध ठिबकलं. पुढचा चैत्र कोरडा गेला, त्याच्या पुढचाही. होया जुन्याच देठावर पुन्हा फुलते. दर बहरागणिक तो कणभर वाढतो, आणि गळून गेलेल्या फुलांच्या बारीक खुणा अंगावर ठेवतो.

जुन्या घरी ओटीच्या भिंतीत एक लाकडी खुंटी होती, आजोबांच्या टोपीची. आजोबा गेल्यावरही ती तशीच राहिली, रिकामी, वर्षानुवर्षं. रंगकाम काढलं तेव्हा मीच ती उपटायला लावली, भोक बुजवून घेतलं, वरून पांढरा हात फिरला. आई काही बोलली नाही. पण पुढे कित्येक दिवस ओटीवरून जाताना तिचा हात आपोआप तेवढ्या उंचीवर जायचा, कोऱ्या भिंतीला टेकायचा, आणि खाली यायचा.

आता मी काहीच कापत नाही. पावसाळ्यात वेल पानांशिवायचे लांबलचक कोंब हवेत सोडते. आंधळ्यानं हात पुढे करावा तसे ते चाचपडत राहतात, त्यांनाही ग्रीलची सळई सापडेपर्यंत राहू देते. "वाळलंय का हे?" येणारे-जाणारे देठांकडे बोट दाखवून विचारतात. मी नाही म्हणते.

यंदा एकाच देठावर तिसऱ्यांदा झुबका आला आहे. रात्री दिवा मालवून मी खिडकीशी उभी होते. वारा पडलेला. गंध दाराच्या फटीतून हळूहळू आतल्या खोलीकडे सरकत गेला असावा, कारण झोपली आहे असं वाटलेल्या आईचा आवाज अंधारातून आला.

"फुलली का गं?"