थंड इंजिन

माझी पहिली पिकअप कॉमन रेलची होती, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमाने डिझेल सोडणारी. ती कुणाची, कोणत्या कंपनीची, ते सोडा, कारण चूक माझीच होती. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये साठवलेलं डिझेल, झाकण सैल, वरून मृगाचा पाऊस. सोयाबीनचे तीस कट्टे भरून जळकोटहून उदगीरच्या मोंढ्याला निघालो आणि निम्म्या वाटेवर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. पॅडल तळाला टेकवलं तरी गाडी वीसच्या वर जाईना. पाण्याने चारही इंजेक्टर गेले होते. ते तपासायचं मशीन शहरात. आठ दिवस गाडी तिथे आणि बिल बघून मी खाली बसलो. सीझन संपल्यावर ती विकली आणि ठरवलं, आता साध्या पंपाचीच घ्यायची.

धुराचे बीएस-४ नियम देशभर सक्तीचे झाले १ एप्रिल २०१७ पासून. त्याआधीच्या आमच्या भागातल्या पिकअप बहुतेक साध्या पंपाच्या. पण त्यातली कुठली? चहाच्या टपरीवर हा प्रश्न टाकला की चहा थंड होतो. एकजण म्हणाला, टाटा २०७ ला तोड नाही. काळी-पिवळी चालवणारा एक म्हातारा ट्रॅक्सच्या इंजिनाची आरती ओवाळत होता. ते मूळ मर्सिडीजचं, ओएम ६१६, जर्मनीत १९७३ च्या २४० डी मोटारीत आलेलं आणि पुढे आपल्या बजाज टेम्पोने परवान्यावर बनवलेलं. मरत नाही, हे खरं. पण डिझेल आधी वेगळ्या छोट्या कप्प्यात पेटतं, त्यामुळे पितं जास्त आणि थंडीत ग्लो प्लग तापेपर्यंत हलत नाही. माणसं वाहायला ठीक. मला माल आणि जनावरं न्यायची होती.

उरल्या दोन. २०७ डीआयचं इंजिन २९५६ सीसीचं, बोलेरो पिकअपच्या डीआयचं २५२३ सीसीचं. कागदावर दोन्हींची ताकद साठ-पासष्ट अश्वशक्तीच्या घरात. पण चढावर दुसऱ्या गिअरमध्ये कागद कामाला येत नाही. तिथे कमी फेऱ्यांत किती ओढतं ते लागतं, आणि मोठ्या इंजिनाला तिथे घाई नसते. शिवाय २०७ चं इंजिन ४०७ टेम्पोच्याच घराण्यातलं, आणि ४०७ तर १९८६ पासून गावोगाव. स्पेअरला मरण नाही. माझं मन २०७ वर गेलं होतं.

नांदेडला देगलूर नाक्याकडे एक २०७ विकायला आहे असं कळलं. चाचांना बरोबर घेतलं. चाचा म्हणजे आमचे मिस्त्री, उभा जन्म ट्रॅक्टरखाली गेलेला. मी आदल्या रात्री फोन करून विकणाऱ्याला वेळ सांगून ठेवली होती, ही माझी दुसरी चूक.

गाडी चकचकीत. नवा रंग, नवे सीट कव्हर, बोनेटवर लिंबू-मिरची. चाचांनी यातलं काही बघितलं नाही. बोनेट उघडून इंजिनावर तळवा टेकवला आणि लगेच उचलला.

"मालक, हे तर आंघोळ करून बसलंय."

मला कळेना. ते म्हणाले, "सकाळी थंड असताना कसं उठतंय ते आपल्याला दिसू नये म्हणून तापवून ठेवलंय."

मग इंजिन चालू ठेवून त्यांनी ऑइलचं झाकण काढून उलटं तोंडावर ठेवलं. झाकण नाचायला लागलं. खालून धुराची पिचकारी, सायलेन्सरमधून निळसर धूर. "बॅक मारायलंय." रिंगा आणि लायनर झिजले की वरचा स्फोट खाली गळतो, तेवढी ओढ कमी आणि ऑइल जळतं ते वेगळं. इंजिन उतरवून बोअरचं काम करायचं म्हटलं तर गाडीच्या किमतीच्या चौथाईइतका खर्च. विकणारा शपथा घेत राहिला. आम्ही चहा पिऊन निघालो.

येताना जांबजवळच्या एका खेड्यात बोलेरो पिकअप होती, २०११ ची. या वेळी फोन केला नाही. लिंबाखाली उभी, हौद्यात कोंबडी बसलेली, ड्रायव्हरच्या बाजूचा दरवाजा चेपलेला. चाचांनी तळवा टेकवला. थंडगार. चावी फिरवली, तिसऱ्या ढेंगेला उठली, पांढरा धूर अर्धा मिनिट आणि मग साफ. झाकण उलटं ठेवलं, ते जागचं हललं नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक हेडवर आणि दांडा कानाला लावून चाचा डॉक्टरसारखे उभे राहिले. "एक नोझल बोलायलंय. बाकी बरं हाय."

मालकाच्या नव्या विहिरीचे दगड पडले होते, त्याच्याच परवानगीने अर्धा हौदा भरला आणि गावाबाहेरच्या चढावर नेली. चढली, पण काळा धूर सोडत. चाचांनी हवेचा फिल्टर काढून दगडावर आपटला. पायलीभर माती. परत चढवली तर धूर निम्म्यावर.

परतीच्या वाटेवर त्यांनी मला जे सांगितलं त्यावर माझा सौदा ठरला. या इंजिनाचा बोअर ८८.९ मिलिमीटर, स्ट्रोक १०१.६. इंचात मोजा, साडेतीन आणि चार, अगदी पुरे. महिंद्राने १९६३ मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरचा उद्योग उभा केला, त्या घराण्यातलं हे माप. "याला वर टर्बो बसवलाय, एवढंच. बाकी मी जन्मभर हेच खोलायलाव." जळकोटसारख्या तालुक्यात पिकअपचे मिस्त्री मोजके, ट्रॅक्टरचे गल्लीगणिक. दोन लाख चाळीस हजारांना गाडी घेतली.

खोटं कशाला सांगू, हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून दोन लाल कंधारी बैल भरून बालाघाटचा चढ लागला की २०७ आठवते. बैल मागे पाय बदलतात, गाडी लचकते, टर्बो जागा व्हायच्या आत फेऱ्या पडल्या की पहिल्यावर यावं लागतं. २९५६ सीसीची मजा ती वेगळीच.

पण कंधारकडे एका रात्री ही बंद पडली तेव्हा बैल मागे होतेच. पाइप सैल होऊन डिझेलच्या वाटेत हवा शिरली होती. क्लिप आवळली, फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, हातपंप मारत राहिलो. आधी फेस, मग बुडबुडे, मग नितळ डिझेल. स्क्रू आवळला, चावी दिली. वीस मिनिटं, एक पाना, मोबाइलची बॅटरी. लॅपटॉप लावायला कुणी लागलं नाही.

टर्बोचं चाचांनी एकच बजावलंय. घाट चढून आल्यावर लगेच बंद करायची नाही, तंबाखू मळून होईपर्यंत चालू ठेवायची. इंजिन थांबलं की ऑइल थांबतं, पण तापलेला दांडा फिरतच असतो, कोरडा. मी तंबाखू खात नाही, तेवढा वेळ उगाच टायरांना लाथा मारत फिरतो.

तुम्ही जुनी डिझेल गाडी बघायला जाणार असाल तर आधी फोन करून वेळ सांगू नका. आणि बोनेट उघडलं की सगळ्यात आधी हात लावून बघा.